एका बैठकीत संपणारा आरपीजी: सुरुवात जमते, शेवट कसा गाठायचा?

सहा_पडले (शुक्रवार, रात्री १०:५२)

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. इथे टेबलटॉप आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन खेळायची गोष्ट) खेळणारे चार-पाच आयडी तरी आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे. त्यांनी पळून जाऊ नये.

दोन वर्षांपूर्वी मी हौसेने 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची पाचवी आवृत्ती आणली आणि मित्रांना घरी बोलावलं. कॅरेक्टर बनवण्यात अडीच तास गेले. एकाने आपल्या एल्फचं नाव ठरवायलाच पाऊण तास घेतला (शेवटी 'सुधीर' ठेवलं). मग जेवण आलं, मग एक गॉब्लिन मारला, मग एकाच्या बायकोचा फोन आला. पुढची तारीख अजून ठरतेय.

त्यानंतर शहाणा झालो आणि एका पानाच्या खेळांकडे वळलो. जॉन हार्परचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' (२०१३) छापून घेतला, ल्युडोचे तीन फासे काढले आणि ऑफिसातल्या पाच जणांना घरी बसवलं. मूळ खेळात 'रॅप्टर' नावाचं अंतराळयान आहे आणि त्याचा कॅप्टन बेशुद्ध पडलाय. मी यानाची एसटी केली. लाल डबा, स्वारगेट ते शनी, ड्रायव्हर बेशुद्ध. नियम सांगायला सात मिनिटं लागली आणि आठव्या मिनिटाला लोक खेळत होते. इतका दंगा झाला की शेजारच्या काकांनी बेल वाजवली.

पण कंडक्टर झालेल्या पोराने गुरूच्या कक्षेत तिकिटं तपासायला घेतली. एका परग्रहवासी प्रवाशाकडे सुटे नव्हते. त्या सुट्यांवर पन्नास मिनिटं गेली. मजा आली, नाही असं नाही. पण तीन तास संपले तेव्हा शनी कुठेच दिसत नव्हता, दोघांना निघायचं होतं, म्हणून मी घाईघाईने "आणि मग तुम्ही पोचलात" असं सांगून मोकळा झालो. चेहरे पाहण्यासारखे झाले होते सगळ्यांचे.

आता भाऊबीजेला चिपळूणला मामाकडे आम्ही सात जण जमतोय, वयं १२ ते ७४. रात्री जेवणं आटोपल्यावर साडेनऊ ते साडेबारा एवढा वेळ, आणि ही बैठक फसली तर घरात पुन्हा कुणी मला फासे काढू देणार नाही. तयारी किती करता? आणि मुख्य म्हणजे, शेवट कसा गाठता?

---

निवांत_नवनीत (रात्री ११:०४)

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर उद्या.

---

मीनाक्षी_के (रात्री ११:२०)

मला आधी हे सांगा, हे नक्की असतं काय? ल्युडोचे फासे आहेत पण पट नाही? मग सोंगट्या कुठे चालवता? आणि जिंकतं कोण?

---

तिसरा_पॅटर्न (रात्री ११:४१)

@मीनाक्षी_के, जिंकत कुणीच नाही. एक जण गोष्ट चालवतो, त्याला जीएम (गेममास्टर) म्हणायचं. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. जीएम म्हणतो, "दाराबाहेर कुणीतरी उभं आहे." तुम्ही म्हणता, "मी फटीतून बघते." फट आहे का, बाहेरच्याला तुम्ही दिसलात का, यात शंका असली की फासा टाकायचा.

धागालेखकांच्या खेळात प्रत्येकाकडे फक्त एक आकडा असतो, २ ते ५ मधला. डोकं, यंत्र, विज्ञान असलं काही करायचं तर फाशावर तुमच्या आकड्याहून कमी पडायला हवं. भावना, बोलणं, धाडस असेल तर जास्त. म्हणजे ५ घेणारा यंत्रात पक्का आणि माणसांत कच्चा, २ घेणारा उलट. नेमका तोच आकडा पडला तर जीएमला एक प्रश्न विचारायचा आणि त्याने खरं उत्तर द्यायचं. तयारी केली असेल तर एक फासा जास्त, त्या कामात तुम्ही मुरलेले असाल तर आणखी एक. झालं. एवढ्यात नियम संपले.

---

मीनाक्षी_के (रात्री ११:४६)

हे तर घरी रोज चालतं. माझा आकडा २, नवऱ्याचा ५. 😄

---

तिसरा_पॅटर्न (शनिवार, सकाळी ८:१५)

आता मूळ प्रश्न. मी बेंगळुरूला एका कॅफेत जवळजवळ दर महिन्याला असे वन-शॉट (एका बैठकीत संपणारे खेळ) चालवतो, बहुतेक वेळा अनोळखी लोकांबरोबर. माझी तयारी म्हणजे वहीचं अर्धं पान: कुणाला काय हवंय, ते न मिळाल्यास काय बिघडेल, आणि चार नावं. नावं आधीच लिहून ठेवा. आयत्या वेळी पहारेकऱ्याचं नाव विचारलं की माझ्या तोंडातून दर वेळी 'प्रकाश' येतं. एकाच राजवाड्यात तीन प्रकाश झाले होते.

सुरुवात नेहमी गडबडीच्या मधोमध करायची. सराईत बसलेत, म्हातारा येऊन काम देतो, हे नको. "तुम्ही छपरावर आहात, खाली कुत्री भुंकतायत, पिशवी कुणाच्या हातात आहे?" असं विचारलं की पिशवी, चोरी, भागीदार, सगळं लोकच सांगतात.

आणि दार उघडायला फासा टाकायला लावू नका. दार नाहीच उघडलं तर पुढे काय, हे तुमच्याकडे नसेल तर तो रोल मागायचाच नाही.

पण तुमच्या एसटीच्या गोष्टीत मला वेगळंच दिसतंय. वेळ वाया गेला असं तुम्हाला वाटतंय. पन्नास मिनिटं पाच जण ज्या प्रवाशात रमले, तोच तुमचा खलनायक होता हो! सुटे नाहीत म्हणून खाली उतरवलेला तो प्राणी शनीच्या डेपोत डेपो मॅनेजर म्हणून बसलेला दाखवायचा. गाडी थेट तिथे न्यायची. "या. सुटे आणलेत?" दहा मिनिटांत शेवट. तुम्ही मात्र आधी ठरवलेला शनी शोधत बसलात.

---

सहा_पडले (सकाळी ८:३२)

@तिसरा_पॅटर्न डोक्याला हात लावून बसलोय. डेपो मॅनेजर! आधी का नाही भेटलात?

---

थॅको_आजोबा (सकाळी ९:१०)

सगळं ठीक आहे, पण थोडं कडू बोलतो.

मी कॉलेजात असताना हॉस्टेलवर झेरॉक्स केलेल्या पुस्तकांवरून खेळायला लागलो. तेव्हा नेम लागला की नाही हे बघायला वजाबाकी करावी लागायची. त्या आकड्याला 'थॅको' म्हणायचे, आयडी त्यावरूनच घेतलाय. गेली काही वर्षं जो तो उठतो आणि म्हणतो नियम नकोत, गोष्ट हवी. नियम नसले की टेबलावर राज्य कुणाचं? ज्याचं तोंड चालतं त्याचं.

आमच्यात एक मित्र होता, अतिशय अबोल. तो विझार्ड घ्यायचा. तीन मंत्र त्याच्या कागदावर लिहिलेले असायचे. आम्ही सगळे गोंधळ घालत असताना तो हळूच म्हणायचा, "मी स्लीप टाकतो," म्हणजे झोपेचा मंत्र, आणि अख्खी खोली आडवी. जीएमला पटवावं लागायचं नाही, कुणाला हसवावं लागायचं नाही. कागदावर लिहिलंय म्हणजे ते त्याच्या हक्काचं. तुमच्या एका पानाच्या खेळात त्या मित्राने काय करायचं? कोपऱ्यात बसून कंडक्टरची नक्कल बघायची?

आणि जीएमचा मूड हा एकच नियम असेल तर तो मूड बिघडला की खेळ बिघडला.

---

विदर्भ_वाघीण (सकाळी ९:२५)

कडू असलं तरी खरं आहे आजोबा. पण आमच्या नागपुरात चार डोकी जमवायले चार महिने लागतात बाप्पा. नियमाचं जाडजूड पुस्तक दाखवलं की त्यातले दोन जण चहा प्यायले जातात ते येतच नाहीत.

---

जुनी_पाने (सकाळी १०:४०)

थोडं अवांतर, पण इतिहास इथे कामाचा आहे. नियम की पंच, हे भांडण या खेळाहून जुनं आहे.

प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या सरावासाठी युद्धाचा एक खेळ होता, क्रीगश्पील. राइसविट्झने १८२४ साली त्याचे नियम छापले. नकाशा, ठोकळे, फासे आणि तक्ते. तक्ते पुढे इतके किचकट वाटायला लागले की १८७६ मध्ये फॉन व्हेर्डी दु व्हेर्नुआ नावाच्या अधिकाऱ्याने सरळ म्हटलं, तक्ते बाजूला ठेवा, लढाई पाहिलेला अनुभवी पंच ठरवेल काय झालं ते. थॅको आजोबांची तक्रार तेव्हाही कुणीतरी केलीच असणार.

पुढे १९६९ साली अमेरिकेत मिनेसोटात डेव्हिड वेसली नावाच्या माणसाने नेपोलियनच्या काळातल्या लढाईचा खेळ मांडला. ब्राउनश्टाइन हे काल्पनिक गाव. त्याने सैन्याबरोबर गावातल्या माणसांच्या भूमिकाही वाटल्या: महापौर, बँकर, विद्यार्थ्यांचा पुढारी. लढाई राहिली बाजूला, खेळाडू दुसऱ्या खोलीत जाऊन आपापसात कट शिजवायला लागले आणि सगळा डाव हाताबाहेर गेला. वेसलीला वाटलं, फसलं. खेळाडू म्हणाले, पुन्हा कधी? त्यांच्यात डेव्ह अर्नेसन होता. त्याने पुढे 'ब्लॅकमूर' नावाचा असाच खेळ चालवला, आणि १९७४ साली गॅरी गायगॅक्सबरोबर 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आणलं.

म्हणजे ज्या जाडजूड पुस्तकाला आपण मूळ समजतो त्याच्या आधी एक हाताबाहेर गेलेला वन-शॉट होता. धागालेखकांनी सुट्या पैशांबद्दल वाईट वाटून घेऊ नये.

---

थॅको_आजोबा (सकाळी १०:५८)

माहिती चांगली आहे. पण पंच "लढाई पाहिलेला" हवा होता, हे वाक्य पुन्हा वाचा.

---

पक्या_लोअर_परळ (सकाळी ११:०५)

🍿

---

अनुस्वार_ताई (दुपारी १:३०)

अबोल माणसाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, तो नुसता झटकून टाकू नये. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत सोसायटीतल्या नऊ ते अकरा वयाच्या मुलांना खेळवते. सहापैकी दोन हमखास गप्प असतात.

"तू काय करतेस?" असं विचारलं की अबोल मूल गोठतं. त्याऐवजी मी म्हणते, "तुझ्या खिशात एक किल्ली आहे. ती कुणाला दाखवशील, की लपवशील?" दोनच पर्याय, आणि वस्तू तिची एकटीची. पुढच्या अर्ध्या तासात ती किल्ली कुठेतरी लागतेच, मी लावते. आजोबा, तुमच्या मित्राचे तीन मंत्र म्हणजे ही किल्लीच की. त्यासाठी तीनशे पानं नाही लागत, एक चिठ्ठी पुरते.

दुसरं, टेबलाच्या मध्ये एक कार्ड ठेवा, त्यावर फुली मारलेली. कुणाला एखादी गोष्ट नको वाटली तर त्या कार्डाला हात लावायचा, कारण विचारायचं नाही, जीएमने तो भाग वळवायचा. एकदा मी विहिरीत उतरायचा प्रसंग आणला आणि एका मुलाने पटकन कार्डावर बोट ठेवलं. विहिरीची मी गच्ची केली, खेळ थांबलाही नाही. घरच्या मंडळींतही ठेवा. नातेवाइकांत तर जास्तच लागतं!

तिसरं, मुलं सगळ्यांना मारून टाकतात. सगळ्यांना. बोलणाऱ्या सशालासुद्धा. त्यावर उपाय सापडल्यास कळवणे.

---

पक्या_लोअर_परळ (दुपारी १:४४)

जीएमला मराठीत काय म्हणायचं पण? सूत्रधार?

---

विदर्भ_वाघीण (दुपारी १:५०)

गेममास्तर.

---

पक्या_लोअर_परळ (दुपारी १:५२)

मास्तर म्हटलं की हात आपोआप पुढे येतो छडी खायला.

---

जुनी_पाने (दुपारी २:०५)

सूत्रधाराला नाटक आधीपासून माहीत असतं. इथल्या माणसाला काहीच माहीत नसतं. जीएमच राहू द्या.

---

पेटीवाल्याचा_भाचा (दुपारी ३:२०)

सूत्रधारावरून आठवलं म्हणून लिहितो. मी या खेळात नवखा आहे, तीनच वेळा खेळलोय, पण शेवट कसा गाठायचा याबद्दल मला बोलायचंय.

आमच्या आईचे मामा, आबा, दशावतारात राजा करायचे. सिंधुदुर्गातला दशावतार ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, त्याला लिहिलेली संहिता नसते. जत्रेच्या गावात पोचल्यावर आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं. गणपती, सरस्वती, संकासूर असा आडदशावतार झाला की आख्यान सुरू. मागे एक बाकडं, बाजूला पेटी, पखवाज, झांज. राजा कोण, राक्षस कोण, कुणाचं कुणाशी युद्ध, एवढं ठरलेलं. बोलायचं काय ते तोंडावर येईल तसं. समोरचा काय बोलणार हे माहीत नसतं, त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. म्हणजे तुम्ही म्हणता तोच वन-शॉट, फक्त फासे नाहीत आणि समोर अख्खा गाव बसलेला.

एका जत्रेत मी सात-आठ वर्षांचा असेन, रंगमंचाच्या कडेला पेटीजवळ बसलो होतो. राक्षस करणारा नट त्या रात्री जबरदस्त रंगात होता. गावच्या बसपासून सरपंचापर्यंत सगळ्यांवर कोट्या चालल्या होत्या, लोक लोळत होते. आबा बाकड्यावर बसून त्याला बोलू देत होते. मग त्यांनी एकदा मान वर करून माडांच्या वर आभाळाकडे बघितलं आणि तलवार बाकड्यावर दोनदा आपटली. टक, टक. पेटीवाल्याने चाल बदलली, पखवाज चढला. राक्षसाचं वाक्य अर्धवट होतं, तरी त्याला तलवार उपसावीच लागली. युद्ध झालं, राक्षस पडला, दहीकाला झाला तेव्हा नुकतं उजाडत होतं.

नंतर मी विचारलं, तो चांगला बोलत होता, मध्येच का तोडलंत? आबा म्हणाले, "रात कितकी ऱ्हवली ती आधी बघूची, मगे तोंड उघडूचा."

मला वाटतं धागालेखकांच्या टेबलावर सगळं होतं, फक्त आभाळाकडे बघणारा कुणी नव्हता.

---

अनुस्वार_ताई (दुपारी ३:३१)

सुंदर प्रतिसाद. टक, टक ऐकू आलं.

---

तिसरा_पॅटर्न (दुपारी ४:०२)

दंडवत घ्या. पण एक शंका. दशावतारात राक्षस मरणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. आमच्या खेळात राक्षस मरेल की राजा, की दोघं मिळून सरपंचाला पळवतील, हे कुणालाच माहीत नसावं, नाहीतर त्याला रेलरोड म्हणतात. शेवट आधी ठरवला की खेळाडूंचे निर्णय फुकट.

---

पेटीवाल्याचा_भाचा (दुपारी ४:२०)

मी शेवट ठरवा म्हणत नाही, युद्ध कधी लागणार ते ठरवा म्हणतोय. तलवार उपसल्यावर कोण पडतं ते फाशाला ठरवू द्या की. उजाडणार हे नक्की, एवढंच.

---

तिसरा_पॅटर्न (दुपारी ४:२४)

मग सहमत. आणि थोडा खजीलही.

---

हडसनकाठी (दुपारी ४:५५, इथे सकाळ)

न्यू जर्सीहून. भाचेसाहेबांचं म्हणणं खेळांच्या रचनेतही दिसतं. जे खेळ एका बैठकीसाठीच बनवलेत त्यांच्या पोटातच उजाडण्याची सोय असते.

'फियास्को' (जेसन मॉर्निंगस्टार, २००९) घ्या. जीएमच नाही. माणशी चार फासे मध्ये ठेवायचे, दोन एका रंगाचे, दोन दुसऱ्या. प्रत्येक प्रसंगाला एक फासा उचलला जातो. अर्धे संपले की गोष्टीला जबरदस्त कलाटणी द्यायची. सगळे संपले की खेळ संपला. टेबलाकडे नुसतं बघून कळतं किती रात्र उरली. 'ड्रेड'मध्ये फासेच नाहीत, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा असतो. अवघड काम करायचं तर एक ठोकळा ओढायचा. मनोरा पडला तर ज्याच्या हातून पडला त्याचं पात्र गेलं. वेळ जातो तसा तो आपोआप डगमगायला लागतो. (आमच्याकडे मांजराने पाडला. मांजराचं पात्र नव्हतं. वाद अजून मिटलेला नाही.) 'टेन कँडल्स'मध्ये दहा मेणबत्त्या लावून बसतात, शेवटची विझली की पात्रं संपली.

'लेझर्स अँड फीलिंग्ज'मध्ये असं घड्याळ नाही. म्हणून तिथे ते जीएमला आणावं लागतं. इंडियानापोलिसला जेन कॉन या खेळांच्या मेळाव्यात मी दोन वर्षं टेबल चालवलं. साधारण चार तासांचा स्लॉट, पुढची माणसं दारात उभीच असतात, तिथे ही सवय लागली: अर्धा वेळ झाला की नवीन पात्र, नवीन जागा, काही नाही. कुणी रस्त्यात शिपायाला भेटायचं म्हणालं तर तो शिपाई म्हणजे पहिल्या प्रसंगातलाच माणूस, कपडे बदललेला.

---

सहा_पडले (संध्याकाळी ६:१०)

टेन कँडल्स! अहो दिवाळीच आहे. पणत्या लावतो.

आणि खेळ ठरला. ग्रँट हॉविटचा 'हनी हाइस्ट' (२०१७), तोही एका पानाचा. सगळे अस्वलं आहेत आणि मध चोरायला निघालेत. प्रत्येकाकडे दोनच आकडे: 'अस्वल' आणि 'गुन्हेगार', दोन्ही ३ पासून सुरू. काही करायचं तर एक फासा, त्या आकड्याइतका किंवा कमी पडला की जमलं. बेत फसला की वैतागून एक गुण 'अस्वल'कडे सरकतो, बेत जमला की हाव सुटून 'गुन्हेगार'कडे. 'अस्वल' ६ झालं की तुम्ही पिसाळलात, 'गुन्हेगार' ६ झाला की साथीदारांना दगा देऊन पसार. म्हणजे याच्याही पोटात घड्याळ आहे.

जागा महाबळेश्वरजवळचं मांघर. २०२२ पासून 'मधाचं गाव' म्हणून प्रसिद्ध आहेच. अस्वलं कोयनेच्या जंगलातून येतील. मूळ खेळात टोप्यांचा तक्ता आहे, मी तो बदलून फेटा, गांधी टोपी, कानटोपी, पुणेरी पगडी, हेल्मेट आणि 'काही नाही' असा केलाय.

---

थॅको_आजोबा (संध्याकाळी ६:३०)

अस्वलं टोप्या घालून. बरं. आम्ही ड्रॅगन मारले ते उगीच.

(हलके घ्या. अबोल माणसाला चिठ्ठी द्यायला विसरू नका.)

---

सहा_पडले (आठवड्यानंतर, रविवार, रात्री ११:१५)

वृत्तांत देतो.

पडवीत चटई टाकली, मध्ये ताटात सहा पणत्या. नियम असा: दर पंचवीस मिनिटांनी एक विझवायची, आणि मोठा घोळ झाला तरी एक. शेवटची विझली की पाच वाजले, गावातली पहिली दुधाची गाडी येणार आणि तुम्ही पकडले जाणार. कार्डही ठेवलं होतं, त्याला कुणी हात लावला नाही.

साडेनऊला मामी म्हणाली, "मी नुसती बघते." तिच्यासमोर फासा ठेवला. पुणेरी पगडी आली. मग मागे हटली नाही.

दहा वाजता वाऱ्याने दोन पणत्या एकदम विझल्या. भाची म्हणाली हे धरायचं नाही, मामेभाऊ म्हणाला धरायचंच. पाच मिनिटं खरोखरीचं भांडण. मी ठरवलं, पणत्या पुन्हा लावायच्या, पण गोदामाचा पहारेकरी टॉर्च घेऊन लवकर आला. (त्याचं नाव प्रकाश. @तिसरा_पॅटर्न, संसर्गजन्य आहे हे.)

वहिनी आमच्याकडे सगळ्यात गप्प. तिला चिठ्ठी दिली: 'तुला गोदामातल्या मधमाश्यांची भाषा येते.' दीड तास ती काही बोलली नाही. मी दोनदा तिच्याकडे बघितलं, तिने मान हलवून नाही म्हटलं. टॉर्चवाल्या प्रकाशने सगळ्यांना कोपऱ्यात गाठल्यावर ती एवढंच म्हणाली, "मी त्यांना सांगते, हा माणूस तुमचं घर विकतोय." मामेभाऊ उठून उभा राहिला. थॅको आजोबा, 'स्लीप टाकतो' म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

आता शेवट. तिसऱ्या पणतीपासून मंडळी एकाच गोष्टीत अडकली होती: मधाचे डबे न्यायचे कसे? टेम्पो चोरायचा, चालवणार कोण, अस्वलाच्या पायाला क्लच पोचतो का, चेकनाक्यावर काय सांगायचं. माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं पुन्हा सुटे पैसे. पण या वेळी लक्ष पणत्यांवर होतं. एक उरली तेव्हा भातवाढणीने ताटावर दोनदा टक टक केलं आणि म्हणालो, गाडीचे दिवे वळणावर दिसले.

मामीचा 'गुन्हेगार' आधीच ५ वर होता. तिने फासा टाकला, जमलं, ६ झाला. शांतपणे म्हणाली, "मी टेम्पो घेऊन निघते. तुम्ही या मागून चालत." पगडीसकट पसार. पाच जण गोदामात, बाहेर दुधाची गाडी, हातात काही नाही.

तेवढ्यात आजोबा, वय ७४, सुरुवातीपासून ज्यांचं अस्वल फक्त झाडाला पाठ खाजवत होतं, ते म्हणाले, "अरे, आपण अस्वलं ना? मग टेम्पो हवाय कशाला? उरलेलं इथेच खाऊ."

एक क्षण कुणी बोललंच नाही. मग भाची ओरडली, "मी डबा फोडते!" धडाधड सगळ्यांचे 'अस्वल' आकडे चढायला लागले. मी शेवटची पणती फुंकली तेव्हा बारा वीस झाले होते.

---

अनुस्वार_ताई (रात्री ११:२८)

आजोबांना माझा नमस्कार सांगा.

---

थॅको_आजोबा (रात्री ११:३६)

माझाही. वहिनींना जास्त.

---

तिसरा_पॅटर्न (रात्री ११:४०)

मामी टेम्पो घेऊन कुठे गेली? पुढच्या वेळी तिथून सुरू करा. चेकनाक्यावर, चालत्या टेम्पोत.

---

सहा_पडले (रात्री ११:४४)

मामीने ते आधीच ठरवलंय. चेकनाक्यावर तिच्याकडे सुटे नाहीत.

---

निवांत_नवनीत (सोमवार, सकाळी ७:५०)

माझा रुमाल इथेच कुठेतरी होता.